साहेबाचे हत्ती

फोन आला तेव्हा मी कंपनीत निर्जंतुक क्लीनरूमच्या बाहेर उभी राहून डोक्यावरची जाळीची टोपी काढत होते. शेजारच्या बाईंचा फोन. त्या कामाच्या वेळेत कधीच फोन करत नाहीत.

"घाबरू नकोस, तुझे वडील एकदम ग्रँड आहेत," बाई म्हणाल्या. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. "फक्त ते पुलावर आहेत. आणि त्यांच्या हातात ब्रेड कापायची सुरी आहे."

आम्ही राहतो ते आयरिश गाव कासलबारपासून गाडीनं वीसेक मिनिटांवर. गाव म्हणजे एक चर्च, दोन पब, एक दुकान आणि नदीवरचा तीन कमानींचा दगडी पूल. नवरा आठवड्यातले चार दिवस कॉर्कला असतो आणि मी दिवसभर कारखान्यात. बाबा तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आले होते. आईनं थंडीचं कारण सांगून येणं टाळलं होतं. खरं कारण तिचं भजनी मंडळ होतं. म्हणजे सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत बाबा, टीव्ही आणि पाऊस. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली सगळी कपाटं नव्यानं लावली. दुसऱ्या आठवड्यात ते घराबाहेर पडले आणि त्यांना पूल सापडला.

बाबांनी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात काढली आणि त्यातली बरीचशी इंग्रजांच्या काळातल्या दगडी पुलांखाली. दुसरी माणसं रस्त्यानं जाताना दुकानं बघतात, देवळं बघतात. बाबा पूल आला की गाडी थांबवायला लावतात आणि खाली उतरून कमानीच्या पोटात डोकावतात. आम्हा भावंडांच्या लहानपणीच्या सगळ्या सहलींत असा एक अर्धा तास ठरलेला असे.

मी धावतपळत पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. पुलाच्या कठड्याला लागून एक ॲशच्या झाडाचं रोप उगवलं होतं, हातभर उंचीचं. बाबा गुडघ्यावर बसून माझ्या सुरीनं त्याची मुळं खणत होते. शेजारी बाई छत्री घेऊन उभ्या. ऐंशीच्या पुढच्या, गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, पाठीचा कणा अजून फूटपट्टीसारखा.

"बाबा, उठा. हा सरकारी पूल आहे. जतन केलेला आहे. हात लावायची परवानगी नाही."

"अगं, म्हणूनच तर," बाबा म्हणाले. "मुळं सांध्यात शिरली की कमान उघडते. यांच्या खात्याला कळत नाही का? पावसाळ्यापूर्वीची पाहणी करतात की नाही?"

"इथे बारा महिने पाऊस असतो, बाबा."

"मग बारा महिने पाहणी करायची!"

बाईंनी विचारलं, "तुझे वडील काय म्हणतायत?"

मी सांगितलं, "त्यांना पूल फार आवडलाय."

माझ्या खोट्या भाषांतरांची सुरुवात इथून झाली, हे मी आधीच कबूल करून टाकते. बाबांना इंग्रजी येत नाही असं नाही. ऐकलेलं सगळं कळतं, वाचलेलं त्याहून जास्त कळतं. पण बोलताना त्यांचं इंग्रजी निविदा सूचनेसारखं येतं, म्हणून ते मराठीत बोलतात आणि मला मध्ये घालतात. मी मग जरा चहूबाजूंनी गुळगुळीत करून पुढे देते.

बाबा उठले, पँटचे गुडघे झटकले आणि बाईंकडे वळून थेट इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, निम्नस्वाक्षरीकार पूल-अभियंता आहे. निवृत्त."

बाईंचा चेहरा एकदम बदलला. "पूल बांधणारा? हिंदुस्थानातला? मग तुम्ही आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चहाला चला."

बाईंच्या घरात चहाच्या आधी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. त्यात पत्रं होती. बाईंच्या पणजोबांचा भाऊ याच गावचा. त्याचे वडील दगडकाम करायचे, समोरचा पूल बांधायला तेही होते. हा मुलगा त्यांच्या हाताखाली टाकी धरायला शिकला, मग शिकून इंजिनियर झाला आणि मुंबई इलाख्यात पूल बांधायला गेला. गावाला त्याचा फार अभिमान. आता गावच्या वारसा मंडळानं ठरवलं होतं की पुलाजवळ त्याच्या नावाचा एक मोठा रंगीत फलक लावायचा. बाई मंडळाच्या अध्यक्ष.

बाबांनी चष्मा पुसला आणि पत्रं वाचायला घेतली. त्यांत वाघ बरेच होते. हा साहेब दर महिन्याला निदान एक वाघ मारत होता. मग एका पत्रात पूल आला. नदी, पाच कमानी, काळा दगड, पलीकडच्या काठावर देऊळ आणि त्याच्या मागे चपट्या माथ्याचा डोंगर. बाबांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हा आमचा पूल आहे. माझी पहिली नेमणूक इथली. सोळा वर्षं मी याच्या अंगाखांद्यावर चढलोय."

मी हे भाषांतर मात्र शब्दशः केलं. बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. त्यांना पूल कुठे आहे, उभा आहे की पडला, काहीच माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, उभा आहे, उसाचे ट्रॅक्टर जातात त्याच्यावरून. बाईंनी ट्रॅक्टर म्हणजे कुठल्या कंपनीचे, असं विचारलं. आमच्या मेयो जिल्ह्यात हा प्रश्न नेहमीचाच आहे.

मग बाबांनी पुढचं पत्र वाचलं. त्यात साहेबानं आईवडिलांना कळवलं होतं की डाव्या तीरापासूनची दुसरी कमान दुर्दैवानं पडली, कारण कुण्या राजाची मिरवणूक आली आणि तिचे दोन पिसाळलेले हत्ती कमानीच्या खाली शिरून खांबांना अंग घासू लागले.

"फलकावर हत्ती येणार आहेत," बाई आनंदानं म्हणाल्या. "चित्रकारानं रंगवायलाही घेतलेत."

बाबांनी पत्राची घडी घातली, डब्यात ठेवली आणि अतिशय सभ्यपणे आणखी एक स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा छोटा गोड पाव, मागितला. मी त्यांना चांगली ओळखते. त्यांना हसू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर ते सोफ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हत्ती! आमच्या तालुक्यात! गणपती सोडून कुणी हत्ती बघितलाय तिथे? अगं, साहेबानं घाई केली. सेंटरिंग लवकर काढलं आणि कमान आली खाली. आमच्या सेक्शनच्या म्हाताऱ्या मुकादमानं मला सांगितलं होतं, त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. घरी काय कळवायचं, म्हणून हत्ती!"

दगडाची कमान बांधताना खाली लाकडी सांगाडा उभा करतात, त्याला बाबांच्या भाषेत सेंटरिंग. मधला चावीचा दगड बसला आणि चुना नीट धरला की मग तो सांगाडा काढायचा. आधी काढला तर काय होतं ते साहेबाला कळलं होतं.

"बाबा, त्यांना सांगू नका हं," मी म्हटलं. "म्हाताऱ्या आहेत. त्यांच्या घराण्याचा मान आहे. आणि आपण इथे राहतो."

"पण फलकावर हत्ती लागणार!" बाबांचं हसू गेलं. "अगं, फलक म्हणजे सरकारी कागदासारखा असतो. माणसं वाचतात आणि खरं मानतात. चूक कबूल करणाऱ्याचा पूल जास्त टिकतो, हे यांना कोण सांगणार?"

"तुम्ही नाही सांगणार. वचन द्या."

त्यांनी टीव्हीचा रिमोट टेबलाच्या कडेला समांतर लावला. शेवटी म्हणाले, "हत्तींबद्दल मी एक शब्दही काढणार नाही."

मी वकील असते तर त्या वाक्याकडे नीट बघितलं असतं.

दोनच दिवसांत बाईंचं आमंत्रण आलं. वारसा मंडळाच्या सभेत इंजिनियरसाहेबांनी बोलावं, गावच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी तीन वाजता. मराठीत बोललं तरी चालेल, मुलगी सांगेल. बाबांनी भाषणाची तयारी आठवडाभर केली. माझ्या ऑफिसच्या कागदांच्या पाठीमागे पाचही कमानींची आकृती काढली, ओळंबा सोडावा इतकी सरळ. मला तीनदा वाचून दाखवलं. त्यात हत्ती नव्हते आणि दुसऱ्या कमानीबद्दल फक्त "पुनर्बांधणी करण्यात आली" इतकंच होतं. मी निश्चिंत झाले.

रविवारी हॉल भरला. मला वाटलं होतं दहा माणसं येतील, सत्तर आली. भिंतीशी चहाची मोठी किटली, टेबलावर केक आणि एका कोपऱ्यात अर्धवट रंगवलेला फलक उभा. त्यावर दोन हत्ती, सोंडा वर केलेले, भलतेच खूश. बाबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. अंगात त्यांनी सूट घातला होता, माझ्या लग्नातला.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. पाया किती खोल घेतला, चुन्याच्या घाणीला बैल कसे जुंपायचे, चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी का घालायचे. लोकांना गुळाचं फार आवडलं. कुणीतरी विचारलं, मुंग्या लागत नाहीत का? बाबा म्हणाले, मुंग्या लागल्या, पण त्यांनी पूल खाल्ला नाही. मी ते सांगितलं आणि हॉल हसला. बाबा खुलले. आणि माणूस खुलला की कागद बाजूला ठेवतो. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"आता दुसऱ्या कमानीकडे येऊ," ते मराठीत म्हणाले. "माझ्या मुलीनं माझ्याकडून वचन घेतलंय की हत्तींबद्दल बोलायचं नाही. तेव्हा मी हत्तींबद्दल बोलणार नाही. हत्ती नव्हतेच, त्यामुळे मला अडचणही काही नाही."

आणि माझ्याकडे बघून थांबले. सांग म्हणून.

सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. बाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर, डोळे चमकत.

मी म्हटलं, "माझे वडील म्हणतात की दुसरी कमान त्यांची सगळ्यात लाडकी आहे."

तिसऱ्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं.

मी बघितलं. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी तोंडावर रुमाल दाबून हसत होती. या गावात आमच्याशिवाय मराठी माणूस नाही, अशी माझी खात्री होती. मंचावर बाबांचा चेहरा उजळला.

"नमस्कार! कुठल्या तुम्ही?"

"नागपूर, काका!" ती म्हणाली. "कासलबारच्या हॉस्पिटलला असते. दुकानात पोस्टर बघितलं म्हणून आले."

"वा, वा! बसा, बसा!"

बाई खुर्चीतच मागे वळल्या. चाळीस वर्षं वर्गात मागच्या बाकांवर नजर ठेवलेली बाई ती. "तुम्ही का हसलात?" त्यांनी विचारलं.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी जेवढं विनवता येईल तेवढं विनवलं. तिची चलबिचल झाली, ती खाली बघू लागली.

"डॉक्टर," बाई तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून म्हणाल्या, "ते नेमकं काय म्हणाले?"

आणि डॉक्टरनं सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं, एकही शब्द न गाळता. वचनासकट.

माझे कान पेटले. मला वाटलं, आता आपण हे घर विकून दूर लेटरकेनीला राहायला जावं, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, ज्या नजरेनं त्यांनी कितीतरी मुलांकडे बघितलं असेल. मग शांतपणे म्हणाल्या, "तू खाली बस. डॉक्टर, तुम्ही वर या. इंजिनियर, पुढे बोला."

माझी दुभाष्याची नोकरी गेली. मी डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारच्या गृहस्थांनी न बोलता मला केकचा तुकडा दिला.

बाबांनी सगळं सांगितलं. मुंबईहून कुणी मोठा साहेब पाहणीला येणार होता. त्याला पूल सांगाड्याशिवाय, मोकळा आणि देखणा दिसावा, म्हणून या साहेबानं सेंटरिंग काढायचा हुकूम दिला. हेड पाथरवट म्हणाला, चुना अजून ओला आहे, थांबा. साहेब म्हणाला, मी सांगतो तसं करा. तेव्हा म्हाताऱ्या पाथरवटानं आधी सगळ्या माणसांना भाकरी खायला वर काठावर पाठवलं, एकूण एक, आणि मग स्वतः जाऊन पहिली पाचर काढली. पाचर काढून तो पळाला. साठीचा माणूस, पण मुकादमाच्या घरात सांगतात की तसा पळताना त्याला त्याआधी कुणी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. कमान पडली. कुणाला ओरखडाही आला नाही.

"दोन दिवस साहेब तंबूतून बाहेर आला नाही," बाबा सांगत होते. "तिसऱ्या दिवशी पहाटे पाथरवटांना नदीच्या पात्रात टाकीचा आवाज आला. जाऊन बघतात तर साहेब. कोट काढलेला, बाह्या वर केलेल्या आणि पडलेल्या कमानीचा दगड पुन्हा घडवतोय. आणि नीट घडवतोय. तोपर्यंत कुणाला ठाऊकच नव्हतं की हा माणूस दगडकाम करणाऱ्याचा पोर आहे. त्या दिवसापासून दुसरी कमान सगळ्यांनी मिळून बांधली आणि ती पाचांत सगळ्यात मजबूत आहे. मी मोजमापं घेतलेली आहेत."

डॉक्टर हे सांगताना शेवटी जरा अडखळली, पण तिनं ते सांगितलं. कुणीतरी टाळी वाजवली. बाई उठून उभ्या राहिल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

सत्तर खुर्च्या करकरल्या.

"हत्तींचं पत्र त्यानं आईवडिलांना लिहिलं. बहिणीला दुसरं लिहिलं होतं. ते मी इंजिनियरना मुद्दाम दाखवलं नाही, कारण त्यात त्यांच्या माणसांबद्दल बरं लिहिलेलं नाही. मला त्यांना दुखवायचं नव्हतं." त्यांनी पर्समधून एक कागद काढला. पर्समध्ये! म्हणजे बाई तयारीनं आल्या होत्या. त्यांनी वाचून दाखवलं. साहेबानं पाथरवटाला बुटका, तोंडाळ आणि गाढवासारखा हट्टी म्हटलं होतं. मग लिहिलं होतं की तो बरोबर होता आणि हे मी त्याच्या तोंडावर कधीही कबूल करणार नाही. आणि शेवटी: या म्हाताऱ्यानं नव्या कमानीच्या पोटात काहीतरी कोरून ठेवलंय. सगळे मजूर ते बघून येतात आणि माझ्याकडे पाहून हसतात. मी खाली वाकून बघण्याचा आनंद त्यांना देणार नाही.

"लहानपणापासून मला हे जाणून घ्यायचंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पत्राची घडी घातली. "इंजिनियर, तुम्ही सोळा वर्षं तिथे होतात. त्या कमानीच्या पोटात काय आहे?"

हा प्रश्न डॉक्टरला मराठीत सांगावा लागला नाही. दोराच्या पाळण्यात बसून पाहणी करताना ते त्या कमानीखालून कितीदा गेले असतील! त्यांनी कोटाची बटणं लावली, ताठ उभे राहिले, डोक्यावर हॅट असल्यासारखा एक हात फिरवला. मग दोन्ही तळवे डोक्याच्या दोन बाजूंना उभे धरले आणि हळूहळू हलवले.

गाढवाचे कान.

हॉल फुटला. मी त्या गावात एवढं हसू कधी ऐकलं नव्हतं. बाई टेबलाला धरून हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, "माझ्या आजीला हे कळायला हवं होतं." घरी जाताना एका शेतकऱ्यानं बाबांचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, असा 'क्रॅक', म्हणजे अशी धमाल, या हॉलमध्ये लग्नातसुद्धा झाली नव्हती.

मंडळानं फलकावरचा मजकूर बदलला. कमान घाईमुळे पडली आणि पाथरवटांच्या मदतीनं पुन्हा उभी राहिली, असं आता तिथे स्वच्छ लिहिलंय. पाथरवटाचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून 'मुख्य पाथरवट, ज्यानं थांबायला सांगितलं होतं' असं लिहिलं. बाबांनी मसुदा दोनदा तपासला. चित्राचं मात्र सगळं पुसून टाकणं चित्रकाराच्या जिवावर आलं. त्यानं हत्तींच्या सोंडा खोडल्या, वर शिंगं रंगवली आणि त्यांना चुन्याच्या घाणीला जुंपलं. पुलावर थांबणारे पर्यटक त्या बैलांकडे जरा जास्त वेळ बघतात.

मला बाईंनी आठवडाभर शिक्षा म्हणून स्कोन दिले नाहीत. डॉक्टरच्या घरी मात्र डबा भरून पाठवले.

बाबा परत गेल्यावर बाईंना त्या कोरीव कामाचा फोटो हवा होता. बाबा म्हणाले, पाठवतो. महिना गेला. मग त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ते स्वतः पुलावर जाऊन आले होते, पण दुसऱ्या कमानीच्या पोटात नेमक्या त्याच जागी भलंमोठं आग्या मोहोळ लागलंय. जवळ जाता येत नाही. पोळं उठलं की फोटो काढू.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "मोहोळ?"

"हो. मधमाश्यांचं. मोठं."

"हत्तीएवढं?"

त्या संध्याकाळी मी बाबांना सरळ विचारलं. सोळा वर्षांत त्यांनी घरी त्या पुलाच्या शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, पण हे कान मी त्या रविवारच्या आधी कधी ऐकले नव्हते. बाईंनी 'गाढवासारखा हट्टी' वाचल्यावर एका क्षणात सुचलेलं तर नाही ना ते?

"हॅलो? हॅलो?" बाबा म्हणाले. "अगं, आवाज तुटतोय तुझा."

चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. ते ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते, आणि मागे आई विचारत होती की तुम्हाला एवढं हसायला काय झालंय.